आषाढीचा ‘अनुताप’ : कार्यक्रमाच्या नोंदी, इंदूर

२५ मे २०२५, रविवार

या वेळी सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. मागच्या वर्षी कोणतं गाणं का घेतलं, कोणतं का गाळलं, काही सापडत नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वाहून गेलं. आषाढी एकादशी ६ जुलैला, म्हणजे बरोबर सहा आठवडे. जागा आपला सुदामा नगरचा हॉल, वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ. माणसं आठ: गाणाऱ्या पाच जणी, पेटीवर वहिनी, तबल्यावर आपला कॉलेजचा मुलगा आणि टाळाला मावशी.

विषय आजीच्या वहीतून मिळाला. आजी देवासहून लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा ही वही बरोबर घेऊन आली होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, मधली पानं सुटलेली. शेवटच्या काही पानांवर वर ‘अनुताप’ असं लिहून खाली सात-आठ अभंग उतरवलेत, आणि त्या पानांना बोटांचे डाग जास्त आहेत. ही पानं ती सगळ्यात जास्त म्हणत असणार. कशाचा अनुताप होता तिला कोण जाणे, आम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्याकडे आषाढीला नेहमी आनंदाचे अभंग होतात, रूपाचे होतात, गौळणी होतात, पण ‘माझं चुकलं’ म्हणणारे अभंग एकत्र असे कोणी ऐकवत नाही. तेच करायचं.

१ जून, रविवार

वहीतला पहिलाच अभंग तुकोबांचा: ‘अनुतापें दोष । जाय न लगतां निमिष’. निमिष म्हणजे पापणी लवायचा वेळ, तेवढाही लागत नाही म्हणतात. पुढे ‘हें चि प्रायश्चित्त । अनुतापीं न्हाय चित्त’. मी हे लहानपणापासून ऐकलेलं पण ‘न्हाय’ या शब्दाकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. चित्त अंघोळ करतं! आपण अनुताप म्हटलं की तापच डोळ्यासमोर आणतो, जळणं, होरपळणं, आणि तुकोबा त्यालाच नदी करून टाकतात.

दुसरा ‘पापाची वासना नको दावू डोळा । त्याहुनी आंधळा बराच मी’. हा सगळ्यांना पाठ आहे त्यामुळे बसवायला सोपा. बसवताना अक्षरं मोजली, जोडाक्षर एकच धरून: पापाची वासना सहा, नको दावू डोळा सहा, त्याहुनी आंधळा सहा, बराच मी चार. मोठ्या अभंगाचा हा ठरलेला साचा, सहा सहा सहा आणि मग चारच. शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा पडतो ना, तिथे म्हणणारा थांबतो, श्वास घेतो, आणि ‘बराच मी’ एकदम उघडं पडतं. नव्या मुलींना सांगितलं की ती रिकामी जागा तान घेऊन भरू नका, तशीच राहू द्या.

५ जून, गुरुवार

ऑफिसमधून आल्यावर ज्ञानेश्वरी काढून बसले कारण ‘न्हाय’ डोक्यातून जाईना, हे कुठेतरी आधी वाचलंय असं वाटून राहिलं होतं. सापडलं, नवव्या अध्यायात, गीतेतल्या ‘अपि चेत्सुदुराचारो’ या श्लोकावर माउली लिहितात:

यालागीं दुष्कृती जऱ्ही जाहला ।
तरी अनुतापतीर्थीं न्हाला ।
न्हाऊनि मजआंतु आला ।
सर्वभावें ॥

अनुतापतीर्थ. शब्दच बघा ना. काशी नाही, प्रयाग नाही, अनुताप हेच तीर्थ, त्यात न्हाऊन माणूस सरळ देवाच्या आत जातो. ज्ञानेश्वरी १२९० सालची, तुकोबा गेले १६५० ला, साडेतीनशे वर्षांनी तीच अंघोळ तुकोबांच्या चार ओळीत येते.

आणि हे लिहिणारा मुलगा कोण, तर ज्याच्या आईवडिलांना प्रायश्चित्त म्हणून मरण सांगितलं गेलं. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या सांगण्यावरून परत संसारात आले, म्हणून वाळीत टाकलं, आणि मुलांना तरी जवळ करतील या आशेवर शेवटी दोघांनी देह ठेवला अशी परंपरेतली हकीकत आहे. त्याच घरातला पंधरा वर्षांचा पोरगा लिहितो की कितीही वाईट वागलेला असो, न्हाऊन ये, झालं. मी ते पान कितीतरी वेळ तसंच उघडं ठेवलं. निवेदनाची सुरुवात इथूनच करायची, हे ठरलं.

८ जून, रविवार

मीटिंग, माझ्या घरी, पोहे केले. वादावादी झाली पण चांगली झाली.

मुद्दा कान्होपात्राचा. ‘नको देवराया अंत आता पाहू’ हवाच, लोकांना आवडतो असं दोघींचं म्हणणं. मला नको होता. अभंग अप्रतिम आहे, पण त्यात अनुताप कुठेय? मंगळवेढ्याची ती मुलगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं म्हणून पंढरपूरच्या देवळात शिरली, ती देवाला म्हणते आता अंत पाहू नको. तिचं काय चुकलंय? काहीच नाही. रडवणारं प्रत्येक गाणं अनुतापाचं नसतं, संकटातली हाक वेगळी आणि कबुली वेगळी. शेवटी मावशी म्हणाल्या की पुढच्या वर्षी हाकेच्या अभंगांचा वेगळा कार्यक्रम करू, मग सगळ्या तयार झाल्या.

समर्थांची करुणाष्टकं मात्र एकमताने. ‘अनुदिनि अनुतापे तापलो रामराया’. तिन्हीसांजेला दिवा लागला की घरोघरी म्हणायचे, आमच्या गल्लीत अजून दोन घरांतून ऐकू येतं. वृत्त मालिनी, ओळीत पंधरा अक्षरं, आठव्यावर थांबा, आणि पहिली सहा अक्षरं लागोपाठ लघु, अ-नु-दि-नि-अ-नु, नुसती धावत सुटतात आणि मग ‘तापे ता’ला जड पडतात. धाप लागलेल्या माणसासारखं. इथे मात्र अनुताप खराच आग आहे. म्हणजे कार्यक्रमाला आपोआप क्रम मिळाला, आधी आग मग पाणी, करुणाष्टकं सुरुवातीला. काळाने उलटं होतंय, समर्थ सतराव्या शतकातले आणि माउली तेराव्या, पण चालेल.

१२ जून, गुरुवार

तबलेवाल्या मुलाने रात्री मेसेज टाकला. ताई, चोखोबांचा ‘हीन याती माझी देवा । कैसी घडे तुझी सेवा’ या यादीत का आहे, त्यांनी कोणतं पाप केलं होतं?

आजीच्या वहीत होता म्हणून मी घेतला होता, दुसरं काही कारण नव्हतं. मुलगा बरोबर बोलतोय. पुढचीच ओळ आहे, ‘मज दूर दूर हो म्हणती’. म्हणणारे कोण? त्या अभंगात चूक केलेला माणूस आहेच, फक्त तो गात नाहीये, तो दूर हो म्हणतोय. आणि आपण हा अभंग हात जोडून, डोळे मिटून, गोड चालीत म्हणतो, जणू चोखोबांनीच माफी मागायची होती.

मी विचार करून दोन दिवसांनी उत्तर देते म्हटलं.

१४ जून, शनिवार

उत्तर: अभंग ठेवायचा, पण निवेदन बदलायचं. हा एकच अभंग असा आहे ज्यात गाणाऱ्याने नाही तर ऐकणाऱ्याने अनुताप करायचा आहे, हे सरळ शब्दांत सांगायचं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळून चोखोबा गेले, साल १३३८. समाधी पंढरपूरला महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीच्या समोर. आत जायला त्यांच्या लोकांना १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी मे महिन्यात उपोषणाला बसले तेव्हा. ‘कैसी घडे तुझी सेवा’ या प्रश्नाला उत्तर मिळायला सहाशे वर्षं लागली, हे आकड्यात सांगितलं की जास्त लागतं, रडव्या आवाजाची गरज नाही. निवेदन तो मुलगाच वाचणार आहे. त्याला विचारलं तर लगेच हो म्हणाला.

१५ जून, रविवार

पूर्ण प्रॅक्टिस. करुणाष्टकं छान. चोखोबा छान. मुक्ताईचे ताटीचे अभंग मात्र बसतच नाहीयेत. भजनी ठेक्यात घेतले तर उड्या मारतात, लय कमी केली तर झोपतात. तीनदा करून सोडून दिलं. पखवाजवाले काका असते तर काय करायचं ते लगेच सांगितलं असतं, असं वहिनी पटकन बोलून गेल्या आणि मग सगळ्या गप्प. मीही काही बोलले नाही, पेटीची खोळ शोधत बसले.

१९ जून, गुरुवार

आज रामेश्वर भटांवर काम केलं.

गोष्ट सगळ्यांना अर्धी माहिती असते. वाघोलीचे रामेश्वर भट, मोठे विद्वान, त्यांच्या सांगण्यावरून तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तुकोबा तेरा दिवस देहूला अन्नपाणी सोडून पडले आणि वह्या कोरड्या वर आल्या. पुढचं आपण सांगत नाही. परंपरेत सांगतात की इकडे रामेश्वर भटांच्या अंगाचा दाह सुरू झाला, कशानेच थांबेना, तेव्हा तुकोबांनी त्यांना एक अभंग पाठवला, ‘चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती’, आणि तो वाचून दाह शमला. परत तेच, आग आणि पाणी. ज्याने वह्या पाण्यात घालायला लावल्या त्याचीच आग विझवायला त्या वह्यांच्या मालकाचा अभंग.

आणि मग तुकोबांचा तो अभंग, वह्या मिळाल्यानंतरचा: ‘थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला’. मला वर्षानुवर्षं वाटायचं हे ते दुसऱ्या कोणाला बोलतायत. नाही, स्वतःला बोलतायत! लोकांच्या बोलण्यावरून चित्त बिघडवून घेतलं, तेरा दिवस डोळे मिटून बसलो, देवाला शीण दिला, असं विठ्ठलाला सांगतायत. सगळ्यात जास्त अन्याय ज्याच्यावर झाला तोच आधी म्हणतोय माझं चुकलं.

आणि तिसरी गोष्ट, जी आपण प्रत्येक भजनाला म्हणतो आणि ऐकत नाही. ‘आरती तुकारामा’ लिहिली कोणी? रामेश्वर भटांनी. आणि त्यात काय लिहिलंय, तर रामाने सागरात दगड तारले तसे तुकोबांचे अभंग पाण्यात रक्षिले गेले. ज्या पाण्यात आपणच घालायला लावले त्याचा उल्लेख स्वतःच्या आरतीत करायचा, आणि शेवटी ‘म्हणोनी रामेश्वरें चरणी मस्तक ठेविले’. स्वतःचं नाव घालून. देवघरात नाही, मनात नाही, चारचौघांत, टाळ्या वाजवत म्हणायच्या गाण्यात. लिहून ठेवलं म्हणून पावणेचारशे वर्षं रोज कुठे ना कुठे त्यांचं डोकं त्या पायांवर टेकवलं जातंय.

हे टाइप केलं आणि लॅपटॉप बंद केला. झोप लागली नाही.

२२ जून, रविवार

ही नोंद कार्यक्रमाची नाही पण इथेच लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं काम होणार नाही.

मागच्या वर्षी आषाढी १७ जुलैला होती. तीन दिवस आधी मी ग्रुपवर फायनल यादी टाकली आणि त्यात पखवाजवाल्या काकांचं नाव नव्हतं. त्यांना फोन केला नाही, घरी गेले नाही. दोन प्रॅक्टिसना त्यांची लय सुटली होती, हात थरथरत होता, हे खरं आहे, आणि मी वर्षभर स्वतःला तेवढंच सांगत आले. पण ज्या माणसाने मिलची नोकरी करून अनंत चतुर्दशीच्या झांकीपुढे रात्र रात्र वाजवलं, आमच्या मंडळाला सुरुवातीपासून ठेका दिला, एक पैसा घेतला नाही, त्यांना हे यादीतून कळलं. सगळ्यांसमोर, ग्रुपवर. त्यांनी खाली फक्त नमस्काराचं चिन्ह टाकलं होतं. त्यानंतर ते आले नाहीत.

आणि मी अनुतापावर निवेदन लिहितेय.

आज ताटी परत करून बघितली. मुक्ताई दाराबाहेर उभी आहे, लोकांच्या बोलण्याने दुखावून मोठा भाऊ आत दार लावून बसलाय, आणि ती सांगतेय ‘योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा’. जग रागाने आग झालं तर संतांनी पाणी व्हावं, ‘विश्व रागे झाले वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी’. हे म्हणताना मला ती ओळ काकांना ऐकवल्यासारखी वाटायला लागली, म्हणजे तुम्ही संत व्हा, तुम्ही पाणी व्हा, आणि मी? ताटीचे अभंग अपराध करणाऱ्याने म्हणायचे नाहीतच. ते बहिणीने म्हणायचेत. अपराध करणाऱ्याने काय म्हणायचं ते रामेश्वर भटांनी लिहून ठेवलंय.

२४ जून, मंगळवार

अर्धी सुट्टी घेऊन मल्हारगंजला गेले. पाऊस होता. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, काही विचारलं नाही.

काका पलंगावर बसून पेपर वाचत होते. मी उभ्यानेच सांगितलं की मागच्या वर्षी तुम्हाला न सांगता नाव काढलं, ते माझं चुकलं, लयीचं कारण होतं तरी समोर येऊन सांगायला पाहिजे होतं, माझी हिंमत झाली नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लय सुटत होती ते मला तुझ्या आधी कळलं होतं. येऊन सांगितलं असतंस तर मीच पखवाज उचलून त्या पोराच्या पुढ्यात ठेवला असता.”

मी हो म्हटलं.

“वाईट वाटलं होतं. अजून वाटतं. गेलं असं खोटं नाही सांगणार. तू आलीस, बरं केलंस. पण वाजवायला मी नाही येणार.”

मी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर तो माझ्यासाठी झाला असता.

काकूंनी चहा आणि चिवडा आणला. मग काकांनीच विचारलं, काय काय घेताय. यादी सांगितली. ताटीवर थांबले. कसं म्हणताय म्हणे. मी तिथेच म्हणून दाखवलं, गुडघ्यावर ठेका धरत. त्यांनी माझा हातच धरून थांबवला.

“ताटीला ठेका कशाला? ती पोर दाराबाहेर एकटी उभी आहे. तिच्याबरोबर पखवाज घेऊन कोणी गेलं होतं का?”

२९ जून, रविवार

ताटी बिनठेक्याची केली. नुसता तंबोरा, एकच आवाज, तोही नव्या मुलींपैकी सगळ्यात लहान मुलीचा. ध्रुवपदाला ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ बाकीच्या जणी खालच्या सुरात, टाळ हातात धरून, न वाजवता. पहिल्याच वेळेला बसलं. वहिनी पेटीवरून हात काढून नुसत्या ऐकत राहिल्या. ही कल्पना काकांची, हे मी सगळ्यांना सांगितलं, आणि मंगळवारी मी कशासाठी गेले होते तेही सांगितलं. ग्रुपवरही लिहिलं, मागच्या वर्षीच्या यादीचा उल्लेख करून. जिथे चूक झाली तिथेच लिहायला हवं होतं.

निवेदनातून माझे दोन पॅराग्राफ काढून टाकले, अनुताप म्हणजे काय ते समजावणारे. गरज नाही.

४ जुलै, शुक्रवार

क्रम पक्का: जय जय राम कृष्ण हरी, करुणाष्टकं, पापाची वासना, हीन याती, थोर अन्याय केला, अनुतापें दोष, ज्ञानेश्वरीतली ओवी, ताटी, तुकोबांची आरती, पसायदान. शेवटी करुणात्रिपदी घ्यावी असं दोघा-तिघांचं म्हणणं होतं, इंदुरात नाना महाराज तराणेकरांमुळे ती घराघरात आहे, आणि टेंबे स्वामींनी त्यात अपराधांची कबुली दिलीय हेही खरं. पण ती अगदी अलीकडची, आपला धागा तुकोबा-समर्थांपर्यंतच. प्रसादाच्या वेळी सगळे मिळून म्हणू असं ठरलं.

पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. खळ जावोत असं नाही म्हटलं, वाकडेपणा जावो म्हटलंय. निवेदनात ही एकच ओळ.

हॉलचे दोन माइक खरखरतायत, उद्या बघायचं. साबुदाणा पाच किलो भिजवायला मावशींकडे.

६ जुलै, रविवार, आषाढी

झाला. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. करुणाष्टकांत दुसऱ्या कडव्याला मी एक ओळ खाली घेतली, बाकीच्यांनी सांभाळून घेतलं. चोखोबांचं निवेदन मुलाने न अडखळता वाचलं, अभंग संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ताटी सुरू झाली तेव्हा मागच्या दारापाशी, चपलांच्या रॅकजवळच्या खुर्चीवर काका दिसले, बाजूला काकू. कधी आले माहीत नाही. आरतीला सगळे उभे राहिले तेव्हा तेही उठले आणि शेवटच्या कडव्याला त्यांचा टाळीचा हात मला दिसत होता, ठेक्यात, एकदम पक्का. प्रसादाला थांबले नाहीत. काकूंनी खिचडीचा डबा भरून नेला.

९ जुलै, बुधवार

उरलेली कामं: रेकॉर्डिंगची फाइल कापून सगळ्यांना पाठवायची, आजीच्या वहीची पानं स्कॅन करून सुटलेली शिवून घ्यायची, हॉलचे पैसे.

तबलेवाल्या मुलाचा आज फोन आला. काकांनी त्याला रविवारी सकाळी आठला मल्हारगंजला बोलावलंय, पखवाज शिकायला, येताना डाव्या तोंडाला लावायला कणीक घेऊन ये म्हणाले. ती घरून मळून न्यायची का, असं मला विचारून राहिला होता. मी म्हटलं नुसतं पीठ ने, पाणी किती घालायचं ते काका दाखवतील.